बाळाला वाचून दाखवताना: गरोदरपणापासून तीन वर्षांपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ पोटात असताना वाचून दाखवलं तर त्याला ऐकू येतं का?

येतं. साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत बरंच काही ऐकतं. मात्र पोटातून आत जाताना शब्दांचे बारकावे पुसट होतात. पोचतो तो आवाजाचा चढउतार आणि ठेका. आईचा आवाज बाहेरून जातो तसा तिच्या शरीरातूनही आत पोचतो, म्हणून तो सगळ्यांत ठळक.

१९८६ साली अँथनी डीकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एकच उतारा मोठ्याने वाचला. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच त्यांच्या बाळांनी नव्या उताऱ्यापेक्षा तो ओळखीचा उतारा पसंत केला. हे कळलं ते चोखण्यावरून: तोंडातल्या रबरी बोंडीवर बाळ कसं चोखतंय त्याप्रमाणे त्याला हा किंवा तो उतारा ऐकवला जाई, आणि बाळांनी आपलं चोखणं बदलून जुना उतारा मागून घेतला.

म्हणजे गर्भसंस्काराने बाळ हुशार होतं, हे खरं?

त्या प्रयोगातून इतकंच दिसतं की बाळ ऐकलेलं लक्षात ठेवतं. त्यावरून हुशारीचा हिशेब मांडता येत नाही, आणि तसं सांगून महागडे संच विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पोटाला हेडफोन तर मुळीच लावू नका. तो आवाज फार जवळून जातो आणि किती मोठा झालाय ते बाहेर कळत नाही.

तरीही सातव्या महिन्यापासून रोज पाच मिनिटं वाचा, असं आम्ही आवर्जून सांगतो. त्याचा फायदा आईबाबांना होतो. पोटाशी बोलायला बहुतेक पुरुषांना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. आठ-दहा दिवसांत ते जातं, आणि बाळ घरी येईपर्यंत तोंडाला सवय झालेली असते. डोहाळजेवणाला काय आणू असं कुणी विचारलं तर जाड पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक सांगा.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला काय वाचायचं? त्याला काय कळणार?

काहीही वाचा. वर्तमानपत्र, ओव्या, मोठ्या भावंडाचा धडा, काहीही चालेल. या वयात मजकुराला महत्त्व नाही, आवाजाला आणि चेहऱ्याला आहे. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यांत नीट दिसतं. अंगावर पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. पुस्तक धरायचं तर त्याच अंतरावर. पांढऱ्यावर काळी, ठळक, मोठी आकृती त्याला लवकर दिसते. फिकट गुलाबी ससे आपल्याला गोड वाटतात, त्याला ते दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

एका वेळी दोन मिनिटं पुरेत. वेळ मात्र नेमकी हवी. मालीश-आंघोळीनंतर बाळ पेंगतं, तेव्हा वाचण्यात अर्थ नाही. झोपून उठलं, दूध पिऊन झालं, ढेकर निघाली आणि डोळे टक्क उघडे ठेवून शांत पडलंय, तेव्हा वाचा. तिन्हीसांजेला बाळ रडतं त्या वेळी पुस्तक बाजूला ठेवा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत हे संध्याकाळचं रडणं वाढतच जातं. तेव्हा कडेवर घेऊन फेऱ्या मारत गुणगुणणं बरं.

पुरे झालं, हे कसं ओळखायचं?

बाळ मान फिरवतं, पाठ ताणतं, बोटं फाकवतं, जांभई देतं, उचकी लागते. यातलं काही दिसलं की थांबा. पान संपवायचं राहिलं तर राहू द्या.

सहा महिन्यांचं बाळ पुस्तक नुसतं चावतं. थांबवायचं का?

नाही. या वयात वस्तूची ओळख तोंडाने होते. त्याच्या हातात एक पुस्तक चावायला द्या आणि दुसरं तुम्ही धरा. वर्तमानपत्र मात्र वाचा, चावायला देऊ नका. छपाईची शाई पोटात जाणं चांगलं नाही. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असं अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं, त्याचंही कारण हेच.

नवव्या-दहाव्या महिन्यापासून पानं ओढणं सुरू होतं. कागदी पुस्तक फाटलं तर ती पुस्तकाची निवड चुकली, बाळाची चूक नाही. रागावलात तर पुस्तक म्हणजे ओरडा, इतकंच त्याच्या लक्षात राहील. वर्षाच्या सुमाराला ते जाड पान स्वतः उलटू लागतं. दोन-तीन पानं एकदम उलटेल. उलटू द्या.

पुस्तक कसं निवडायचं? मराठीत मिळतात का?

दीड वर्षापर्यंत जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं, ८ ते १६ पानांचं. पानावर एकच चित्र किंवा एकच घडामोड असावी. ओळखीच्या वस्तू हव्यात: ताट-वाटी, कुत्रा, रिक्षा, पाऊस. मजकूर पानाला एक ओळ. दीड वर्षानंतर छोटी गोष्ट चालते, पण चित्रातच गोष्ट दिसली पाहिजे.

मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट आणि चेन्नईची तूलिका यांची चित्रपुस्तकं आहेत. पुठ्ठ्याची मराठी पुस्तकं तुलनेने कमी, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय दोन. एक, प्रथम बुक्सच्या २०१५ साली सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी पुस्तकं मोफत उतरवून, छापून पुठ्ठ्यावर चिकटवणं. दुसरा, इंग्रजी पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन मजकूर न वाचता चित्रांवर मराठीत बोलणं. गावातल्या शासनमान्य ग्रंथालयात बालविभाग आहे का हेही विचारा.

घरी पुस्तक करता येईल का?

येईल, आणि बाळ जे चावणार आहे त्यासाठी कापडाचं पुस्तक सगळ्यांत उत्तम. जुनी सुती साडी किंवा धोतर घ्या. आधी रंग तपासा: ओल्या पांढऱ्या रुमालाने मिनिटभर चोळा. रुमालाला रंग लागला तर ते कापड नको.

३२ × १७ सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून रेघ पाडा. म्हणजे एका तुकड्यावर दोन पानं होतात. आता चित्रं. वाटी, पान, मासा, चेंडू असे साधे आकार वेगळ्या रंगाच्या कापडातून कापून पानाच्या मध्यावर बारीक टाक्यांनी शिवा. हे काम आत्ताच करायचं, कारण तुकडे जोडल्यावर धाग्याच्या गाठी आत लपतात. नंतर केलं तर गाठी बाहेर राहतात आणि बाळ त्या दातांनी ओढतं. माशाचा डोळा धाग्याचाच करा. बटण, मणी, टिकली, आरसा काही लावू नका. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान सुटी वस्तू घशात अडकू शकते.

दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवा, वर साडीचा एकच थर ठेवा, आणि कडेपासून एक सेंटिमीटरवर शिवत या. एका कडेला चार बोटं जागा सोडा, तिथून सगळं उलटवा आणि ती फट हाताने शिवून टाका. अशा दोन गाद्या तयार होतील. त्या एकावर एक ठेवून मधल्या रेघेवर दोनदा टीप मारा. झालं आठ पानांचं, साधारण १५ सेंटिमीटरचं पुस्तक.

इथे हमखास चुकतं ते आतला थर. गोधडीच्या सवयीने दोन-तीन थर घातले की मधली टीप मशीनला झेपत नाही, सुई मोडते, आणि पुस्तक मिटत नाही. एकच थर. दर आठवड्याला धुवा. पावसाळ्यात आतून ओलं राहिलं तर कुबट वास येतो, म्हणून इस्त्री फिरवा.

पुठ्ठ्याचं करणार असाल तर दोन पुठ्ठ्यांमध्ये अर्धा सेंटिमीटर फट ठेवून कापडी पट्टीने जोडा. फट नसली की पुस्तक मिटताना सांधा फाटतो. स्टेपलरची पिन नको. आणि बाइंडिंगवाल्याकडची खळ आणू नका. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, आणि ते विषारी आहे. घरी मैद्याची साधी खळ शिजवा: दोन चमचे मैदा, एक कप पाणी. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि तिची कड सुटली नाही ना, ते दर आठवड्याला बघा.

वाचायचं नेमकं कसं? मी वाचते, पण ते ऐकतच नाही.

बहुतेक घरांत मोठी माणसं पानं संपवतात आणि बाळाला त्याची पाळीच येत नाही. दीड वर्षाच्या मुलीबरोबरचं एक पान बघा. चित्रात गाय बादलीतलं पाणी पितेय.

आई: "अगंबाई, ही कोण आली?" (थांबते)
मुलगी: "हंबा."
आई: "हो, हंबा! गाय. तांबडी गाय." (थांबते)
मुलगी बादलीवर बोट ठेवते.
आई: "ती बादली. गाय पाणी पितेय. गटागटा, गटागटा."
मुलगी: "गटा!"

पान तेवढंच. छापलेली ओळ आईने वाचलीच नाही, तरी हे उत्तम वाचन झालं. तिने मुलीचा शब्द घेतला, त्यात एक-दोन शब्दांची भर घातली, मुलीच्या बोटामागे गेली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ती थांबली. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. लहान मुलाला शब्द शोधून तोंडापर्यंत आणायला वेळ लागतो. मोठी माणसं सेकंदभरात स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. पाच आकडे फार लांब वाटतात, पण करून बघा.

तीन महिन्यांच्या बाळाबरोबरही असंच. तुम्ही बोललात, थांबलात, ते "आ" म्हणालं, की तुम्हीही "आ? हो का?" म्हणा.

उलट, "हे काय? ते काय? कुठला रंग?" असा भडिमार झाला की ती परीक्षा होते आणि मूल उठून जातं. आमचा ठोकताळा असा: एक प्रश्न विचारलात तर तीन गोष्टी तुम्ही सांगा. "गाय म्हण, गाय म्हण" असा आग्रह नको.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशा प्रकारे वाचायला शिकवलं. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात इतर मुलांच्या पुढे गेली होती. त्या इतर मुलांनाही घरी वाचून दाखवत होतेच. फरक पडला तो वाचण्याच्या पद्धतीने.

मूल एका जागी बसतच नाही.

एक ते दीड वर्षाचं मूल चालायला शिकलेलं असतं. ते बसणार नाही. ते खोलीत फिरत असताना वाचत राहा. मध्येच येऊन एक चित्र बघून जाईल. पुस्तकं उंच कपाटात ठेवू नका, जमिनीवर टोपलीत ठेवा, चार-पाचच.

रोज तेच पुस्तक मागतं. नवं आणू का?

आणा, पण जुनं मागेल तेव्हा जुनंच वाचा. पुढे काय येणार हे माहीत असणं हाच त्याचा आनंद आहे, आणि शब्द पक्के होतात ते याच फेऱ्यांत. दहाव्या वेळी ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा. "मांजर चढलं…" मूल म्हणेल "झाडाव!"

आईला किंवा आजीला वाचता येत नाही. मग?

वरचं गायीचं पान पुन्हा बघा. त्यात वाचता येण्याची गरज कुठे पडली? शब्द नसलेली चित्रपुस्तकं, घरच्या माणसांच्या फोटोंचा अल्बम, बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र, सगळं चालतं. चिऊ-काऊची गोष्ट आजीला तोंडपाठ असते, ती पुस्तक मांडीवर ठेवून सांगितली तरी छान. अशा घरात "तुम्हाला येत नाही, मी वाचते" असं सुनेने म्हणून आजीच्या हातून पुस्तक घेऊ नये.

कुठल्या भाषेत वाचायचं? आमच्याकडे मालवणी बोलतात.

ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं आणि लाडही करता येतात, त्या भाषेत. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, जी घरात आहे ती. पुस्तकात "पाणी पीत आहे" छापलंय म्हणून तसंच वाचायची सक्ती नाही. आई-बाबांच्या भाषा वेगळ्या असतील तर प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचावं. त्यामुळे मूल गोंधळून बोलायला उशीर करतं हा गैरसमज आहे.

मराठीचं एक बलस्थान वापरा: नादाचे शब्द. टपटप, खळखळ, धपकन, भुर्रकन, लुटुलुटु. बाळांना ते आधी आवडतात आणि बरेचदा आधी येतात. शिवाय एक केळं, दोन केळी. तो आंबा, ती चिंच, ते बोर, हे सगळं व्याकरण कुणी शिकवत नाही, ते ऐकूनच बसतं. परदेशात वाढणाऱ्या मुलांचं बोलताना शब्दांचं लिंग चुकतं ते हुशारी कमी म्हणून नव्हे, ऐकणं कमी म्हणून.

आजी भारतात, आम्ही परदेशात. व्हिडिओ कॉलवर वाचलेलं चालतं का?

चालतं, कारण पलीकडून उत्तर येतं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या: एक आजीकडे, एक मुलाच्या मांडीवर. आजीने कॅमेऱ्यापुढे पुस्तक हलवत बसण्यापेक्षा हे सोपं जातं. शेजारी एक मोठं माणूस हवं, पान उलटायला आणि आजीचा प्रश्न पुन्हा विचारायला.

मग मोबाइलवरच्या गोष्टींचे व्हिडिओ का नकोत?

कारण व्हिडिओ थांबत नाही. "हंबा" म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२१ मध्ये दिलेला सल्ला असा: दोन वर्षांपर्यंत पडदा नको (कुटुंबीयांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडून), दोन ते पाच वर्षं जास्तीत जास्त एक तास.

बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे.

सुधारित वय धरा, म्हणजे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं वय. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे लवकर आलं. ते सहा महिन्यांचं झालं की वाचनासाठी त्याला चार महिन्यांचं समजा. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवतात. अतिदक्षता कक्षात असताना डॉक्टर-नर्सना विचारून, कुजबुजीच्या जरा वरच्या आवाजात, मिनिट-दोन मिनिटं वाचा. वर सांगितलेल्या थकव्याच्या खुणा अशा बाळात लवकर दिसतात.

मी इतकी दमते की वाचायची इच्छाच होत नाही.

मग तुम्ही वाचू नका, झोपा. बाबा, आजोबा, आत्या, ताई, कुणीही वाचेल. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे. हा आजार आहे आणि तो बरा होतो.

अक्षरं कधी शिकवायची?

तीन वर्षांपर्यंत नाही. दोन वर्षांच्या मुलाला पुस्तक सुलट धरता येणं, पान उलटणं, चित्र बघून स्वतःशी बडबडणं, हीच वाचनाची तयारी आहे.

मी अंगणवाडी सेविका किंवा आशा आहे. पालकांना हे कसं शिकवू?

भाषण देऊ नका. आठ-दहा जणींचा गट, चाळीस मिनिटं, आणि सात-आठ महिन्यांचं एक हसरं बाळ आईसकट बोलवा. आधी पाच मिनिटं तुम्ही त्या बाळाला वाचून दाखवा आणि बाळ काय करतं ते मोठ्याने सांगा: "बघा, मी थांबले, त्याने पाय हलवले." मग प्रत्येकीच्या हातात पुस्तक द्या आणि जोड्यांमध्ये करून बघू द्या. पाच आकडे मोजणं इथेच बोटांवर करून घ्या. कुणालाही सगळ्यांसमोर मजकूर वाचायला लावू नका. जिला वाचता येत नाही ती पुढच्या वेळी येणार नाही.

गरोदर बाया दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीला येतात, तिथल्या रांगेतली वेळ कामी येते. बाळं झाल्यावर आशाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या गृहभेटी आहेतच. दर भेटीत एकच गोष्ट सांगा आणि तिच्याकडून करून घ्या. सासूला आणि नवऱ्याला जवळ बसवा, नाहीतर "एवढ्याशा पोराला काय वाचून दाखवतेस" हे वाक्य तिला एकटीला ऐकावं लागतं.

वाचून दाखवूनही प्रतिसाद नाही. काळजी कधी करायची?

मोठ्या आवाजाला दचकत नसेल, सहा महिन्यांपर्यंत आवाजाकडे वळत नसेल, वर्षापर्यंत बा-बा, दा-दा करत नसेल, दीड वर्षापर्यंत बोट दाखवत नसेल किंवा एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत "आई ये" अशी दोन शब्दांची जोड नसेल, तर थांबू नका. आलेला शब्द किंवा हावभाव कुठल्याही वयात गेला, तर लगेच जा. "याचे बाबापण उशिरा बोलले" यात मोलाचे महिने जातात.

पहिली तपासणी कानांची. ऐकण्याची प्राथमिक चाळणी-तपासणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास त्याचं निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, अशी शिफारस आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई तिथे पाठवू शकतात. जाताना लसीकरणाचं कार्ड, बाळंतपणाचे कागद, मूल बोलतं त्या शब्दांची लिहून काढलेली यादी आणि त्याचं रोजचं पुस्तक न्या.